सेंट लुईस (मिसुरी): आईबाबा आणि दोन पोरांना घेऊन चार दिवस, काय काय बघावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही डेस मॉइन्सला राहतो. सध्या नाशिकहून आईबाबा आलेत, सहा महिने आहेत. जूनच्या शेवटी नवऱ्याला चार दिवस सुट्टी मिळतेय तर गाडीनेच सेंट लुईसला जाऊन यायचं ठरतंय. बाबा ७२, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, चालायला एकदम ठणठणीत. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण जिने नको वाटतात. लेक ११ वर्षांची आणि धाकटा ५ चा.

आता खरी अडचण सांगते. मागच्या खेपेला यांना शिकागोला नेलं होतं, सगळं दाखवलं, पण घरी आल्यावर फोटो बघताना लक्षात आलं की निम्म्या फोटोत आई कुठल्यातरी बाकावर आमच्या पिशव्या, पोरांची जॅकेटं सांभाळत बसलीय. ती काही बोलली नाही, ती बोलतच नाही, पण मला ते फार लागलं. यावेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. तिलाही काहीतरी स्वतःचं बघायला मिळालं पाहिजे आणि बाबांनाही, आणि पोरंही खूष पाहिजेत. मध्ये एक संकष्टी येतेय, आईचा उपवास असतो, चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही, तेही सांभाळायचंय. कुणी राहतं का तिकडे? प्लीज सविस्तर लिहा.

मिसुरीकर

राहतो की, १६ वर्षं झाली. आधी एक सांगतो, फॉरेस्ट पार्कसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा, इतर काही नाही जमलं तरी चालेल. १३०० एकरचा पार्क आहे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठा, आणि १९०४ चा वर्ल्ड्स फेअर इथेच भरला होता, त्याच वर्षीचं ऑलिंपिकही गावात झालं. झू, आर्ट म्युझियम, हिस्टरी म्युझियम, पलीकडच्या टोकाला सायन्स सेंटर, सगळं या एका पार्कात किंवा त्याला लागून, आणि चारही ठिकाणी तिकीट नाही. लोकांना वाटतं फुकट म्हणजे काहीतरी यथातथा असेल, तर अजिबात नाही, झू तर देशातल्या नावाजलेल्यांपैकी एक आहे. १९७१ मध्ये शहर आणि काउंटीच्या लोकांनी मतदान करून स्वतःच्या मालमत्ता करातून या संस्थांना पैसे द्यायचं ठरवलं, तेव्हापासून तो कर आम्ही भरतोय. मी दर वर्षी घराचं बिल भरताना ती ओळ बघतो आणि मला ते पैसे जड वाटत नाहीत. बाहेरगावच्या पोरालाही आमच्या झूत तिकीट काढावं लागत नाही, याचा अभिमान आहे मला.

झूला सकाळी उघडतानाच जा. जूनच्या शेवटी इथे उकाडा म्हणजे मुंबईच्या मे महिन्यासारखा, घामाच्या धारा. अकरानंतर प्राणीसुद्धा सावलीत जाऊन झोपतात. पार्किंग लॉटला पैसे पडतात पण लवकर गेलात तर आजूबाजूच्या रस्त्यांवर फुकट जागा मिळते. आत छोटी ट्रेन आहे, तिचं तिकीट मात्र काढावं लागतं, ते आईंसाठी काढाच, झूभर फिरवते, हवं तिथे उतरायचं. एक मोठा जाळीचा पक्ष्यांचा पिंजरा आहे ज्याच्या आतून चालत जाता येतं, तो १९०४ च्या फेअरसाठी बांधलेला, फेअर संपल्यावर शहराने ठेवून घेतला आणि पुढे झू त्याच्याभोवतीच वाढला.

अबोली_२

आम्ही मागच्या वर्षी गेलेलो शिकागोहून, पाच तास लागतात. माझं मत सिटी म्युझियमला!! नावावर जाऊ नका, म्युझियम वगैरे काही नाहीये, एका जुन्या बूट कंपनीची दहा मजली इमारत एका शिल्पकाराने, बॉब कॅसिली नाव त्यांचं, जुन्या भंगाराने आणि तोडलेल्या इमारतींच्या तुकड्यांनी भरून टाकलीय, १९९७ ला उघडलं. आत गुहा आहेत, लोखंडी जाळ्यांचे बोगदे आहेत, बाहेर हवेत टांगलेली विमानं आहेत ज्यांच्यात पोरं चढतात, गच्चीच्या कडेला अर्धी बाहेर आलेली स्कूल बस आहे, आणि दहा मजली घसरगुंडी. माझी मुलगी नऊची, सहा तासांनी बाहेर काढली तेव्हा रडत होती की अजून थांबू.

पण काही गोष्टी कुणी आधी सांगितल्या नव्हत्या म्हणून लिहिते. फुल पँट घाला, उन्हाळा असला तरी. गुडघ्याला पॅड घ्या, पोरांना नाही, तुम्हाला. पाच वर्षांचा मुलगा बोगद्यात शिरला की मागे कुणीतरी मोठं माणूस शिरावंच लागतं, आणि ते बोगदे मध्येच फुटतात, एक वर जातो एक खाली. माझा लहाना एका फटीतून पुढे गेला, मला काही तिथून जाता येईना, मी जाळीला तोंड लावून हाका मारतेय आणि तो एक मजला वर हसतोय. दहा मिनिटं जीव थाऱ्यावर नव्हता माझा. त्याच्या मनगटावर पेनने फोन नंबर लिहा आणि खालची एक जागा ठरवून ठेवा की हरवलो तर इथे यायचं.

आजीआजोबांना तिथे नेऊ नका असंच म्हणेन. आवाज, गर्दी, जिने.

सह्यकडा

बाबा पाटबंधाऱ्याचे म्हणजे गेटवे आर्च, ती नदीकाठची स्टीलची प्रचंड कमान, त्यांच्यासाठीच आहे असं समजा. मी सिव्हिलवाला आहे, दोनदा गेलोय, तिसऱ्यांदाही जाईन.

६३० फूट उंच आणि पायथ्याशी तेवढाच ६३० फूट रुंद, डोळ्यांना मात्र उंच जास्त वाटतो. एरो सारिनेनचं डिझाइन, १९४७-४८ च्या स्पर्धेत निवडलेलं, पण काम सुरू झालं १९६३ ला आणि सारिनेन १९६१ लाच गेले, त्यांना तो उभा बघायला मिळाला नाही. आकार कसा आला ते पोरांना सोप्पं दाखवता येतं, आईंच्या गळ्यातली चेन दोन बोटांनी दोन टोकांना धरायची आणि सैल सोडायची, जो बाक येतो तो उलटा केला की आर्च. चेनमध्ये सगळा ताण ओढणारा असतो, उलटा केला की तोच सगळा दाब होतो आणि सरळ पायात उतरतो (खरी कमान वर निमुळती होत जाते म्हणून बाक किंचित वेगळा आहे, बाबा विचारतील म्हणून सांगून ठेवतो). दोन्ही पाय वेगवेगळे वर चढवत नेले आणि मापं रात्री घ्यायचे, कारण दिवसा उन्हाने स्टील फुगून एका बाजूला कलायचं. २८ ऑक्टोबर १९६५ ला शेवटचा तुकडा बसवायचा होता तेव्हा दक्षिणेचा पाय उन्हाने ताणला होता, तर अग्निशमन दलाचे पाइप लावून त्याच्यावर पाणी मारलं, थंड केला आणि मग तुकडा बसवला. इतक्या उंचीवरचं काम आणि एकही कामगार दगावला नाही, इन्शुरन्सवाल्यांनी १३ जातील असा हिशोब धरला होता.

खाली जमिनीखाली म्युझियम आहे, ते फुकट, आणि तिथे आर्च कसा बांधला त्याची फिल्म दाखवतात, तिकीट काढून बाबांना बसवा. अर्ध्या तासाची असेल, त्यात माणसं दोऱ्याशिवाय वर चालताना दिसतात, बघवत नाही.

मिसुरीकर

सह्यकडा, फायर ब्रिगेडची गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

गोदाकाठची, वर जायच्या ट्रामबद्दल मात्र नीट वाचा. तिला लिफ्ट समजू नका. आठ डबे एकमेकांना जोडलेले, प्रत्येकात पाच जण, आणि डबा म्हणजे पांढरं अंडं आतून पोकळ केल्यासारखा. दार चार फुटी, मोठ्या माणसाने वाकूनच शिरायचं, मग गुडघ्याला गुडघा लावून गोल बसायचं. वर जायला चार मिनिटं, यायला तीन. कमान तिरकी असल्यामुळे डबे थोड्या थोड्या वेळाने स्वतःला सरळ करून घेतात, तेव्हा खट्ट असा आवाज येतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात, तो आवाज नॉर्मल आहे हे आधीच सांगा सगळ्यांना. दाराच्या काचेतून आतला लोखंडी जिना आणि पायाच्या आतली पोकळी दिसते, बाबांना वरच्या खिडक्यांपेक्षा तेच आवडेल बघा. वर खिडक्या अगदी बुटक्या, पोटावर झोपल्यासारखं ओणवं व्हावं लागतं, एकीकडे मिसिसिपी आणि इलिनॉय, दुसरीकडे सगळं शहर.

ट्राममध्ये चढण्याआधी आणि वर उतरल्यावर पायऱ्यांचे टप्पे आहेत, व्हीलचेअर वर जात नाही. खाली डब्याची एक हुबेहूब प्रतिकृती ठेवलीय, त्यात आईंना बसवून बघा आणि त्यांनाच विचारा. त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका. तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, उन्हाळ्यात दुपारपर्यंत संपतात, आणि विमानतळासारखं चेकिंग असतं त्याला अर्धा तास धरा.

सांगलीच्या काकू

मुलगा बॉलविनला असतो, मी दर दोन वर्षांनी येते, त्यामुळे मला लिहावंसं वाटलं. गोदाकाठची, तू आईच्या बाकाबद्दल लिहिलंस ना, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. आम्ही बोलत नाही कारण तुमची सुट्टी मोजून चार दिवसांची असते, आपल्यामुळे तुमचा खोळंबा नको असं वाटतं. पण कुणी विचारलं तर बरं वाटतं हेही खरं.

तिला बोटॅनिकल गार्डनला ने. हेन्री शॉ म्हणून एक व्यापारी होता त्याने १८५९ मध्ये लोकांसाठी उघडली ही बाग. आत ट्रामगाडी फिरते, बसून बघता येतं. तिथे क्लायमॅट्रॉन म्हणून मोठा काचेचा घुमट आहे, मधे एकही खांब नाही, आत शिरलं की दमट गरम हवा तोंडावर येते आणि ओल्या मातीचा वास, मला थेट कोकणातल्या माहेरची आठवण झाली. केळी आहेत, कोकोचं झाड आहे, खोडालाच फळं लागतात त्याला फणसासारखी. मी एका बाकावर बसले होते, पण त्या बाकावर बसायला मी स्वतः गेले होते, माझ्याजवळ कुणाची पिशवी नव्हती. जपानी बागही बघा, १४ एकर आहे, तळ्यात हे एवढाले मासे, पूल ओलांडताना अंगावर आल्यासारखे वर येतात, खाऊ टाकायला यंत्रं आहेत त्यासाठी नाणी घेऊन जा.

आणि कॅथेड्रल बॅसिलिका. चर्च आहे म्हणून सोडू नका. आतलं छत, भिंती, कमानी सगळं रंगीत काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं, ४ कोटींच्या वर तुकडे आहेत, रंगाच्या सात हजारांवर छटा, १९१२ ला काम सुरू केलं ते १९८८ ला संपलं. मी रांगोळी घालणारी बाई, मी मान वर करून बघतच राहिले, की हा निळा इथून तिथे जाताना कसा बदलत नेलाय. आत गारवा असतो, शांत असतं, पाय दुखले की बसायला जागाच जागा. पैसे नाहीत.

संकष्टीचं म्हणशील तर जूनमध्ये इथे चतुर्थीचा चंद्र अकराच्या आसपास उगवतो, पंचांगाचं ॲप इथल्या गावावर सेट करून मिनिट बघून ठेव. रूममध्ये मायक्रोवेव्ह आहे ना ते विचारून घे, साबुदाणा घरूनच भिजवून नेलास तर खिचडी होते त्यात. वेस्ट काउंटीत हिंदू मंदिर आहे, मोठं आहे, छान आहे, गणपतीही आहे, संध्याकाळी तिकडे जाऊन या.

वऱ्हाडी_पाहुणा

बाकी सगळं ठीक आहे पण सेफ्टीबद्दल कोणी बोलून नाही राहिलं. आम्ही डाउनटाउनच्या एका पार्किंगमध्ये गाडी लावली, दीड तासाने आलो तर मागची काच फुटलेली, बॅकपॅक गायब, त्यात बायकोचा पासपोर्ट. उरलेली ट्रिप पोलीस रिपोर्ट आणि काच बसवण्यातच गेली. आईवडिलांना घेऊन जाताय म्हणून लिहिलं. मला विचाराल तर परत शिकागोलाच जा किंवा कान्सस सिटीला.

मिसुरीकर

वऱ्हाडी_पाहुणा, वाईट वाटलं वाचून, आणि हे खरं आहे, इथे गाड्यांच्या काचा फुटतात, मी लपवणार नाही. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही, चार्जरची वायरसुद्धा नाही. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. डाउनटाउनात रात्री उगाच पायी फिरू नका, चार चौक ओलांडायचे असले तरी गाडीने जा. पण एवढ्यासाठी गावच बघू नका असं नाही म्हणणार मी. माझी दोन्ही पोरं इथे लहानाची मोठी झालीत.

आणखी एक, सोमवारी सकाळी ११ ला भोंगा वाजला तर घाबरू नका, महिन्याच्या पहिल्या सोमवारी टोर्नाडोच्या भोंग्याची चाचणी असते. इतर कधी वाजला तर मात्र खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब. २०२५ च्या मे महिन्यात टोर्नाडो आला तो थेट फॉरेस्ट पार्कवरून गेला, हजारो झाडं पडली. जुने फोटो बघून याल तर काही ठिकाणी उघडं उघडं दिसेल. मी दुसऱ्या आठवड्यात तिकडे गेलो तेव्हा माझ्या नेहमीच्या रस्त्यावरचा ओक मुळासकट आडवा होता, त्याच्या खाली माझ्या मुलीने सायकल शिकली होती.

रेल्वेवेडा

आजोबा आणि पाच वर्षांचा नातू या जोडीसाठी एकच उत्तर, नॅशनल म्युझियम ऑफ ट्रान्सपोर्टेशन. कर्कवूडच्या जवळ. तिथे बिग बॉय ४००६ आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या वाफेच्या इंजिनांपैकी. त्याच्या चाकाशी उभं राहिलं की चाक माझ्या छातीच्या वर येतं आणि मी बुटका नाही. बाबांना सांगा की पुढच्या चाकांचा संच वेगळा वळतो, एवढं लांबडं धूड वळणावरून जायचं ते त्याच्यामुळे.

आणि ईड्स ब्रिज चुकवू नका, तोही ट्रेनने. १८७४ चा पोलादी पूल आहे, अजून वापरात. उघडायच्या आधी लोकांना पटावं म्हणून त्याच्यावरून हत्ती चालवला होता, हत्ती कच्च्या पुलावर पाय ठेवत नाही असा समज होता. वरून गाड्या जातात आणि खालच्या मजल्यावरून मेट्रोलिंक. लॅक्लीड्स लँडिंगला बसा आणि नदी ओलांडून ईस्ट रिव्हरफ्रंटला उतरा, एकच स्टेशन. त्या बाजूला मोकळा पार्क आहे, उंच कट्टा आहे, आर्चचा पूर्ण फोटो तिथूनच येतो, नदीसकट. दिवसाउजेडी जा.

सह्यकडा

त्याच बाजूला, डाउनटाउनपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, काहोकिया माउंड्स! हे कसं विसरलो. बाबांचं काम मातीच्या धरणांचं होतं का?

गोदाकाठची

हो!! गंगापूर धरणावर बरीच वर्षं होते, मातीचंच आहे ते. का?

सह्यकडा

मग काहीही करून न्या. साधारण इ.स. १०५० ते १२०० या काळात तिथे मोठं नगर होतं, १०-२० हजार वस्तीचं, मिसिसिपियन संस्कृती म्हणतात. त्यांनी नुसत्या मातीच्या टेकड्या रचल्या, चाक नाही, ओझं वाहायला जनावर नाही, टोपल्यांनी माती वाहून. सगळ्यात मोठा मंक्स माउंड १०० फूट उंच आहे. आत वेगवेगळ्या मातीचे थर आहेत, हजार वर्षं उभा आहे. १९८२ पासून जागतिक वारसा यादीत. पायऱ्या दीडशेच्या वर आहेत, वर सावली अजिबात नाही, सकाळीच जा. वरून लांब आर्च दिसतो.

अबोली_२

खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! टोस्टेड रॅव्हिओली इथली खासियत, तळलेली असते, पण आत बहुतेक ठिकाणी बीफ असतं, नीट विचारून चीजवाली मागा. टेड ड्रूजचं फ्रोझन कस्टर्ड खायला रूट ६६ वर चिपेवा स्ट्रीटला जा, 'काँक्रीट' मागा, इतकं घट्ट की देणारा ग्लास उलटा करून दाखवतो आणि मग हातात देतो, माझी पोरं परत परत तेच करायला लावत होती. फक्त कस्टर्डमध्ये अंडं असतं, आई खात नसतील तर आधी सांगून ठेवा, नंतर कळलं की फार वाईट वाटतं.

मिसुरीकर

बरोबर. आणि पोरं उन्हाने चिडचिडी झाली की डाउनटाउनात सिटीगार्डन आहे, कारंज्यांत पोरं मनसोक्त भिजतात, शिल्पांवर चढतात, कुणी हटकत नाही. कपड्यांचा जोड गाडीत ठेवा, डिकीत, दिसणार नाही असा 🙂

डेस मॉइन्सहून येताना वाटेत हॅनिबल लागेल, लेखक मार्क ट्वेनचं गाव. पाय मोकळे करायला दोन तास थांबा. त्याचं लहानपणचं घर आहे, आणि त्याच्या 'टॉम सॉयर'मधलं ते पांढरं कुंपण. हा माणूस १८९६ मध्ये मुंबईलाही येऊन गेला होता.

गोदाकाठची

मंडळी, परत आलो! लिहायला आठवडा लागला, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत म्हणून नीट सांगते.

पहिल्या दिवशी आर्च. आईला मी प्रतिकृतीच्या डब्यात बसवलं आणि विचारलं, मिसुरीकर म्हणाले तसं. ती आत बसली, हात फिरवला, दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, मी येणार. मी म्हटलं पायऱ्या आहेत, तर म्हणाली हळूहळू चढेन, तू घाई करू नकोस म्हणजे झालं. खरंच हळूहळू चढली, नवऱ्याचा दंड धरून, मागचे लोक थांबले, कुणी काही बोललं नाही. डब्यात खट्ट झालं तसा धाकट्याने माझा हात घट्ट धरला आणि आजीने त्याला सांगितलं, अरे तो डबा सरळ बसतोय, तू पाटावर नीट बसतोस तसा. वर खिडकीत ओणवी होऊन तिने गोदावरीच्या किती पट आहे रे ही नदी असं बाबांना विचारलं, बाबांनी आकड्यात उत्तर दिलं, कुठून काढला देव जाणे.

बाबा फिल्म बघून आल्यावर तासभर बोलत होते. खाली नदीकाठी पायऱ्या उतरत जातात तिथे १९९३ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते एका माणसाने दाखवलं, ४९ फुटांच्या वर गेली होती पातळी. तिथे बाबा एकदम गप्प झाले. नाशिकचे पूर, रात्री दरवाजे उघडायचे की नाही याचे फोन, हे सगळं त्यांनी पाहिलंय. लेकीला त्यांनी तिथेच बसून पहिल्यांदा ते सांगितलं, मी पण पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वाटणी केली. मी आणि नवरा पोरांना घेऊन सिटी म्युझियम, आईबाबांना बोटॅनिकल गार्डनला सोडलं. अबोली, पॅड्सबद्दल तुझे उपकार कसे फेडू! घसरगुंडीवरून मी स्वतः चार वेळा आले. तिथे जुन्या यंत्रांवर बुटांच्या लेस विणतात ते लेक किती वेळ बघत होती, आजीसाठी जांभळी-पिवळी लेस आणली तिने, आजीने ती आता पिशवीला बांधलीय. दुपारी बागेत गेलो तर हे दोघं जपानी बागेच्या पुलावर, माशांना खाऊ घालत, आईच्या हातात मुठीभर दाणे. तिने आम्हाला पाहिलंच नाही. मी हाक नाही मारली, थोडा वेळ लांबूनच बघत उभी राहिले.

काहोकियाला बाबा आणि नवरा सकाळी सात वाजताच गेले, आम्ही मागून. बाबा माउंडच्या उताराला हात लावून बघत होते, कुठे माती खचलीय, पाणी कुठून मुरत असेल. खाली उतरून म्हणाले की आम्हाला रोलर होते, लॅब होती, यांनी पायाने तुडवून केलं. दोन वेळा म्हणाले.

बॅसिलिकात आई खूप वेळ बसली. काकू, तुमचं नाव काढलं आम्ही.

संकष्टीचं सांगते. देवळात जाऊन आलो, आरती मिळाली. हॉटेलची खोली पूर्वेकडची मागून घेतली होती, अकराव्या मजल्यावर. पोरं जागत बसली होती. अकरा वाजून गेले तरी ढग, आई म्हणाली तुम्ही झोपा. मग इलिनॉयच्या बाजूला, नदीच्या पलीकडे, आधी ढगाची कडा तांबूस झाली आणि मग चंद्र आला, आर्चच्या एका पायाला लागून. आईने खिडकीतूनच पाणी दाखवलं, फुलपात्र नव्हतं तर कॉफीच्या कपातून. मग मायक्रोवेव्हची खिचडी, सगळ्यांनी खाल्ली, धाकट्याने सुद्धा, रात्री साडेअकराला.

झू राहिलाच निम्मा. रेल्वेवेडा, बिग बॉय बघितला, नातू-आजोबा दोघांना बाहेर काढता येईना.

सांगलीच्या काकू

वाचून मन भरलं गं. आईला माझा नमस्कार सांग.

वऱ्हाडी_पाहुणा

छान झालं ताई. गाडी सुखरूप राहिली ना?

गोदाकाठची

राहिली दादा. तुमचं वाचल्यामुळे गाडीत पाण्याची बाटलीसुद्धा ठेवली नाही.

तन्वी_कुलाबा

धागा वर काढतेय. आम्ही ऑगस्टमध्ये डेस मॉइन्सला शिफ्ट होतोय, लेबर डेला सेंट लुईसचाच विचार आहे, मुलं ६ आणि ८. सिटी म्युझियमसाठी ते गुडघ्याचे पॅड कुठले घेतले?

गोदाकाठची

नवीन घेऊ नकोस, माझ्याकडे दोन जोड आहेत, एक मोठा, एक पोरांचा. शिफ्ट झालीस की मला इथे निरोप टाक, घेऊन जा. आणि आईबाबा ऑक्टोबरपर्यंत आहेत, जेवायलाच ये.